लाकडी रोलर कोस्टर मोडत कसा नाही?

जानेवारीत भाचीला घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर पाळणे उभे राहिले की सोलापूरकराचे पाय आपोआप तिकडे वळतात. ती ड्रॅगन गाडीतून दोन फेऱ्या मारून आली आणि गाडीखालच्या लोखंडी टेकूंकडे बघत म्हणाली, "मामा, बाहेरच्या देशात हे लाकडाचं करतात. मोबाइलवर बघितलं मी. मोडत नाही का ओ ते?"

मी तिला गरम भजी घेऊन दिली आणि विषय टाळला, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. दहा मजली इमारतीएवढा लाकडी सांगाडा, त्यावरून ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने सुटलेली माणसांनी भरलेली गाडी, आणि हे दिवसभर, वर्षानुवर्षं. लोखंड हाताशी असताना लाकूड कशाला? त्यानंतर काही महिने मला या विषयाचा नादच लागला. जे कळलं ते तिच्यासाठी लिहितो आहे, पण तिला कंटाळा आला तर तुम्ही वाचा.

सुरुवात कापड विणायच्या मागापासून करतो. माझे वडील कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम होते. धोट्याचा यंत्रमाग ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत असेल की सांगाडा सगळा बिडाचा, पण धोट्याला टोला देऊन या टोकाकडून त्या टोकाला पाठवणारी काठी मात्र लाकडी. मिनिटाला शंभराच्या आसपास धोट्याच्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला एक टोला. लहानपणी मी विचारलं होतं, लोखंडाची काठी का लावत नाहीत? वडील म्हणाले, "काठी टिकंल रे, बाकीचा माग टिकणार नाही." लाकूड फटका बसला की किंचित दबतं, वाकतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. आलेला धक्का ते पुढच्या भागाला जसाच्या तसा देत नाही, थोडा पोटात ठेवतं. लाकडी रोलर कोस्टरचं निम्मं गुपित या काठीत आहे. उरलेलं निम्मं सुताराच्या हातोडीत, त्याकडे पुढे येतो.

आधी एक घोळ मिटवू. लाकडी कोस्टर म्हणजे खांब लाकडाचे, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा १९२७ सालचा प्रसिद्ध 'सायक्लोन' घ्या. त्याचा खालचा सांगाडा पोलादी आहे, तरी तो लाकडी कोस्टर म्हणूनच ओळखला जातो, कारण ज्या पट्टीवरून चाक धावतं ती लाकडाची आहे. उलट टेक्सासमधला १९९० सालचा 'टेक्सास जायंट' बघा. त्याचे लाकडी खांब बरेचसे तसेच ठेवून २०११ मध्ये वर पोलादी रूळ बसवला, तेव्हापासून त्याला संकरित म्हणतात. थोडक्यात, चाकाखाली काय आहे ते बघायचं. आपल्याकडून लोक खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जातात. तिथला 'नायट्रो' पूर्ण पोलादी. असे नळीसारखे पोलादी रूळ पहिल्यांदा १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये आले. त्याआधीचे बहुतेक सगळे मोठे कोस्टर लाकडी रुळांचे होते.

त्याच्याही मागे गेलं तर गोष्ट रशियातल्या बर्फात पोचते. तिथे हिवाळ्यात लाकडी उतरंडी बांधून त्यावर पाणी ओतायचे, बर्फ झाला की घसरायचे. म्हणून फ्रेंच लोक रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात. गंमत म्हणजे रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. अमेरिकेतला धागा कोळशाचा आहे. पेनसिल्वेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये खाणीतला कोळसा उतारावरून खाली आणायला रूळ टाकले. भरलेले डबे आपोआप खाली यायचे, रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची, आणि खाली येताना तीच खेचरं डब्यात उभी राहून ऐटीत यायची. पुढे माणसांनाही तो मोह झाला. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने कोनी आयलंडवर पाच सेंट तिकिटाची गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली सायकलसुद्धा तिला मागे टाकेल. तरी लोक रांगा लावत होते.

आता बांधकामाकडे. समजा, असा एक कोस्टर आपल्याकडेच बांधायचा आहे, हिप्परग्याच्या बाजूला एखाद्या मोकळ्या शेतात.

पहिला अडथळा पायाखालीच. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की भेगेत अख्खा हात जातो. तिच्यावर नुसतं जोतं ठेवलेल्या घराच्या भिंती कशा तडकतात हे इथल्या प्रत्येक गवंड्याला पाठ आहे. थंड देशात याच्याऐवजी जमीन गोठण्याची भीती असते, म्हणून तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. आपल्याला तो काळी माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागेल. आणि पाया एक नसतो. प्रत्येक खांबाच्या खाली काँक्रीटचा स्वतंत्र ठोकळा, असे शेकडो ठोकळे. त्यातला एक जरी दोन बोटं खचला तरी वरच्या रुळाला तेवढा खळगा पडणार. ठोकळ्यात लोखंडी पट्ट्या रोवलेल्या असतात आणि खांब त्यांना बोल्टने आवळतात. लाकडाचं टोक मातीला टेकू द्यायचं नाही. नाहीतर ओल चढते, आणि ओलीमागून वाळवी.

लाकूड कुठलं? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'सदर्न यलो पाइन' वापरतात. सरळ वाढणारं, मजबूत, आणि औषध चांगलं पिणारं. औषध पाजायची रीत अशी: लाकूड मोठ्या बंद टाकीत ठेवायचं, पोकळी करून त्याच्या नळ्यांतली हवा ओढून घ्यायची आणि मग कीड-बुरशी रोखणारं द्रावण दाबाने आत घुसवायचं. नुसतं वरून फासलं तर एका करवतीच्या कापात निकामी होतं. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग सागवान का नाही?" प्रश्न रास्त आहे. सागाच्या गाभ्याला असं औषध लागत नाही, आणि पाजलं तरी तो सहजी पीत नाही. पण इतकं सागवान घ्यायचं म्हटलं तर पार्क सुरू व्हायच्या आधीच विकावा लागेल.

सांगाडा उभा करायची पद्धत मला फार आवडली. एकेक खांब रोवत जात नाहीत. दोन किंवा जास्त खांब, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि तिरपे टेकू, अशी शिडीसारखी अख्खी चौकट जमिनीवर आडवी ठेवून जोडतात. तिला नंबर टाकतात. मग क्रेनने उचलून तिच्या ठोकळ्यांवर उभी करतात. काही फुटांवर दुसरी, मग तिसरी. चौकटींची ही रांगच कोस्टरचा आकार ठरवते. प्रत्येक चौकटीची उंची निराळी, वळणावर तर माथ्याचा कलही निराळा, म्हणजे दोन चौकटी सारख्या सापडणं कठीण. उभ्या चौकटींना एकमेकींशी लांबच्या तिरप्या पट्ट्यांनी बांधतात. दुरून कोस्टर बघताना जे काड्यांचं जाळं दिसतं, ते शोभेसाठी नाही. त्यातली प्रत्येक काडी कुठल्यातरी धक्क्याला वाट काढून देत असते: खाली जमिनीकडे किंवा शेजारच्या चौकटीकडे.

चौकटींच्या माथ्यावर लांब तुळया, तुळयांवर रेल्वेच्या स्लीपरसारखे आडवे ठोकळे, आणि त्यावर रूळ. हा रूळ म्हणजे एक अखंड वासा नसतो. तो फळ्यांची चळत असते, साधारण सात-आठ थर एकावर एक ठोकलेले. का? कारण जाड वासा वाकत नाही, फळी वाकते. उतार-चढाच्या कमानीवर पहिली फळी दाबून ठोकायची, ती कमानीचा आकार घेते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. आठ थर पक्के झाले की तोच आकार वाशासारखा ताठ होतो. वरच्या फळीचा सांधा खालच्या फळीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हे वीट रचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बाजूच्या वळणावर मात्र ही युक्ती चालत नाही. आडवी ठेवलेली फळी वर-खाली वाकेल, पण तिला सपाटीतच डावीकडे वळवायला गेलात तर ती ऐकत नाही. तिथे रुंद फळीतून वळण कापूनच काढावं लागतं. म्हणून वळणं महाग आणि वेळखाऊ.

वरचे एक-दोन थर खालच्यांपेक्षा रुंद ठेवतात, त्यामुळे ते आतल्या बाजूला छज्जासारखे पुढे येतात. या छज्जाकडे नीट लक्ष द्या, जीव त्याच्यावर आहे. चळतीच्या माथ्यावर, आतल्या कडेला आणि छज्जाच्या पोटाला पोलादी पट्टी बसवतात. चाक थेट लाकडावर कधीच चालत नाही. या पट्टीमुळे कोणी म्हणेल की मग लाकूड कुठे राहिलं? पट्टी फक्त झीज घेते. वजन आणि धक्का खालची चळतच घेते.

छज्जाचं काम काय, तर गाडीला उडू न देणं. जुन्या कोस्टरच्या गाड्यांना वरून चालणारी चाकं होती आणि बाजूला घासणारी होती, बस्स. गाडी रुळावर नुसती ठेवलेली असायची. पेनसिल्वेनियातला १९०२ सालचा 'लीप द डिप्स' असाच आहे, त्यामुळे त्याचे उतार अगदी बेताचे. मग जॉन मिलर नावाच्या कारागीर बुद्धीच्या माणसाने गाडीला तिसरं चाक दिलं, रुळाच्या खालून चालणारं. १९१९ मध्ये त्याचं पेटंट झालं. वरचं चाक माथ्यावर, बाजूचं चाक कडेला आणि हे तिसरं छज्जाच्या पोटाखाली, अशी गाडी रुळाला तिन्हीकडून मिठी मारते. एवढं झाल्यावर चढाच्या माथ्यावरून गाडी भिरकावली गेली तरी सुटायचा प्रश्न उरला नाही, आणि पुढच्या दहाएक वर्षांत कोस्टर एकदम उंच आणि उग्र झाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा नायक हा मिलर आहे, पण त्याचं नाव कोणाला माहीत नसतं.

गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते, पुढचा सगळा प्रवास त्या एका उंचीच्या भांडवलावर. तीस मीटर खाली आली की तिचा वेग सेकंदाला सुमारे चोवीस मीटर होतो, म्हणजे ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर. घर्षण आणि हवा त्यातला थोडा कापून घेतात. ते दोन्ही बाजूला ठेवले तर हिशेबात वजन येतच नाही, दोन माणसं बसली काय आणि चोवीस काय. प्रत्येक चढ-उतारात भांडवल थोडं खर्च होत जातं, म्हणून मोठ्या चढानंतरच्या टेकड्या हळूहळू ठेंगण्या होत जातात.

उताराच्या तळाशी काय होतं, ते बघा. त्या वेगाने तीस मीटर त्रिज्येच्या खोलगटातून गाडी वर वळली तर बसणाऱ्याला स्वतःचं वजन तिप्पट जाणवतं. साठ किलोच्या माणसाचे एकशे ऐंशी. गाडीचंही तिप्पट, आणि ते सगळं रुळाच्या त्या तुकड्यावर, काही क्षणांपुरतं. लगेच पुढच्या माथ्यावर वजन जवळजवळ शून्य होतं, कधी उलटं, आणि तिसरं चाक छज्जाला खालून वर ढकलू लागतं. सांगाड्याला एका घटकेला दाब आणि दुसऱ्या घटकेला ओढ. इथे आमच्या मागाच्या काठीची आठवण येते. प्रत्येक धक्क्याला लाकडी सांगाडा थोडा डुलतो, आणि तो डुलावा असाच बांधलेला असतो. जवळ उभं राहिलं तर खांब हलताना डोळ्यांना दिसतात. बघणाऱ्याला भीती वाटते. इंजिनिअरला मात्र तो डुलायचा थांबला तर काळजी वाटेल. बसणाऱ्याला जी थरथर आणि खडखड जाणवते तीही यातूनच येते. पोलादी कोस्टरवर गाडी कापसावरून गेल्यासारखी जाते. लाकडीवर ती पळते आहे हे हाडांना कळतं.

चढावर जाताना येणारा 'कट-कट-कट' आवाज साखळीचा नाही. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीच्या पोटाखाली लोंबणारी खिट्टी एकेका दातावरून घसरत पुढे पडत असते. साखळी तुटली तर गाडी मागे येणार नाही, पुढच्याच दातात अडकेल. मागावर विणलेलं कापड गुंडाळणाऱ्या रोलरला हीच व्यवस्था असते, ती खिट्टी नसेल तर कापड सैल पडतं. तेव्हा तो आवाज ऐकून पोटात गोळा आला तर लक्षात ठेवा, तो सुरक्षेचा आवाज आहे.

एकाच कोस्टरवर दोन-तीन गाड्या धावतात, मग त्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत? हे रेल्वेच्या विभागीय गावात राहणाऱ्यांना समजावायला नकोच. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल नाही. कोस्टरचेही असेच टप्पे पाडतात आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी सोय ठेवतात, साखळी किंवा ब्रेक. फरक इतकाच की इथे ब्रेक गाडीत नसतात, रुळावर असतात.

आता सुताराच्या हातोडीकडे. पोलाद उन्हात लांबतं. लाकूड धाग्याच्या दिशेने उन्हाने फारसं लांबत नाही, पण ओल आणि कोरडेपणाने आडवं फुगतं-आक्रसतं. घरचं दार पावसाळ्यात चौकटीत घट्ट रुततं आणि मे महिन्यात त्याच्या फळ्यांत फट दिसते, तेच. कोस्टरमध्ये असे हजारो सांधे. लाकूड आक्रसलं की बोल्ट ढिला पडतो, खिळे धक्क्याने किंचित वर येतात. आपल्या एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस अंशांत हा कोस्टर असता, तर उन्हाळाभर पाना हातातून सुटला नसता. आणि उन्हाची आणखी एक गंमत: चाकांतलं ग्रीस पातळ होतं, चाकं मोकळी फिरतात, म्हणून तोच कोस्टर सकाळच्या गारव्यापेक्षा दुपारी जास्त वेगाने पळतो.

म्हणून लाकडी कोस्टर 'बांधून झाला' असं कधी म्हणता येत नाही. चळतीचे वरचे थर सगळ्यात जास्त मार खातात. ते काही वर्षांनी तुकड्यातुकड्याने उपटून नवे ठोकतात, बहुधा हिवाळ्यात पार्क बंद असताना. ओहायोच्या किंग्ज आयलंड पार्कमधला 'बीस्ट' १९७९ सालचा, लांबी ७,३६१ फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटर, लाकडी कोस्टरांत जगात सर्वांत लांब. अशा कोस्टरची डागडुजी म्हणजे रंगकामासारखी, एका टोकाला संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला सुरू.

सांभाळणं जमलं नाही किंवा लाकडाकडून नको ते मागितलं तर काय होतं, याचं उदाहरण त्याच पार्कमध्ये घडलं. २००० मध्ये तिथे 'सन ऑफ बीस्ट' उघडला, दोनशे फुटांहून उंच आणि मध्ये गाडी उलटी फिरवणारं पोलादी कडं. जुलै २००६ मध्ये रुळाखालचं लाकूड तडकलं, खळगा तयार झाला आणि गाडी त्यावरून गेल्यावर सत्तावीस जण जखमी झाले. कडं काढून टाकलं, गाड्या बदलल्या, तरी २००९ मध्ये तो कायमचा बंद पडला आणि २०१२ मध्ये पाडला. डुलणाऱ्या वस्तूलाही डुलण्याची हद्द असते.

अलीकडे काही लाकडी रूळ कारखान्यात थर चिकटवून, यंत्राने अचूक कापून तयार करतात आणि जागेवर तुकडे जोडतात. गाडी पोलादी कोस्टरइतकी गुळगुळीत चालते. जर्मनीतल्या हाइडे पार्कचा २००१ सालचा 'कोलोसस' असाच. तोही २०१६ मध्ये रुळाच्या कामासाठी बंद करावा लागला आणि २०१९ मध्ये नव्या रुळासह उघडला. जागेवर ठोकलेल्या चळतीतली एक सडकी फळी सुतार दुपारपर्यंत बदलतो. चिकटवलेल्या तुकड्याला तसं करता येत नाही, अख्खा तुकडाच मागवावा लागतो.

नवा कोस्टर तयार झाला की आधी माणसं बसवत नाहीत. माणसाच्या आकाराच्या, पाणी भरलेल्या पुतळ्यांना बसवून गाडी पुन्हा पुन्हा सोडतात. सुरुवातीच्या फेऱ्या जरा मंद असतात, चाकं आणि रूळ एकमेकांना सरावले की वेग वाढतो. आणि पार्क उघडल्यावर रोज, पहिली गाडी सुटण्याआधी, सुतारांची टोळी सगळा रूळ पायी चालते. हातात हातोडी आणि पाना, नजर बोल्टवर. वर आलेला खिळा ठोकायचा, ढिला नट आवळायचा, संशयी फळीवर खडूने खूण करायची.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिला फक्त एवढंच हवं होतं की कुठल्या डब्यात बसायचं. शेवटच्या, असं मी सांगितलं. पहिल्या उताराला पुढचे डबे माथा ओलांडतात तेव्हा गाडी रेंगाळत असते. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत बाकीची गाडी खाली निघालेली असते आणि ती त्याला ओढत नेते, म्हणून उडल्यासारखं सर्वांत जास्त तिथेच वाटतं.

सुतारकाका मात्र पहाटेच्या त्या पायी फेरीवर अडकले होते. बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "वर चालताना कडेला धरायला काय असतंय?" रुळाच्या बाजूने फळ्यांची अरुंद पायवाट असते आणि कमरेएवढा लाकडी कठडा, असं मी सांगितलं.

"आणि तो कठडा कोण तपासतंय?"